मनातला संघ

नाशिक रोड
१४ ऑक्टोबर १९७८

प्रिय गोरक्ष,

जयभीम, आणि लगेच एक तक्रार. गेल्या वर्षी तू लिहिलं होतंस की नागपूरच्या बास्केटबॉल संघातल्या त्या उंच पिव्हटचं लग्न ठरलंय, तो सासरचं खाऊन सुटलाय आणि कोर्टच्या या टोकाहून त्या टोकाला जायला त्याला रिक्षा लागते. मी भोळा माणूस, सोडून दिला. तू उचललास आणि त्याने वर्षभर तुला पोत्याने गुण आणून दिले. परवा तो सामन्यासाठी नाशिकला आला होता. मुद्दाम जाऊन पाहिला. सडपातळ आहे. लग्नही झालेलं नाही.

हरलो म्हणून पिंपळगावच्या द्राक्षांची पेटी एप्रिलमध्येच पाठवली, त्याबद्दल रडत नाही. पण कॉलेजचं कोर्ट सुटलं, तू पिंपरीला कंपनीत लागलास, मी इथे शाळेत गळ्यात शिट्टी अडकवली, तेव्हापासूनचा हा आपला मनातला संघ आता भलत्याच वळणाला गेलाय. ठरलं काय होतं? दोघांनी पाळीपाळीने पाच-पाच खेळाडू निवडायचे, पेपरात त्यांच्या नावापुढे जे गुण छापून येतील ते धरायचे, मार्चअखेर ज्याचे जास्त तो जिंकला. इतका साधा खेळ. आता निम्मं वर्ष एकमेकांना फसवण्यात जातं. जो हवा त्याला नावं ठेवायची, जो नको त्याचे पोवाडे गायचे. मीही तेच करतो, म्हणून फार बोलत नाही.

हरणाऱ्याची पहिली पाळी, तेव्हा नागपूरचा पिव्हट मी घेतला. तू पुढचा कळव.

नाशिककडे नवीन काय म्हणून विचारलं होतंस. नवीन काही नाही. सुरगाण्याच्या डोंगरातला मंगळू भोये म्हणून एक पोरगा कॉलेजात आलाय. आदिवासी वसतिगृहात राहतो, संध्याकाळी आमच्या सिमेंटच्या कोर्टवर येतो. उंच आहे, एवढंच. फॉरवर्ड म्हणून उभा करतो, पण डावा हात त्याला सदऱ्याची बाही भरायला दिलाय. बचावात डुलक्या काढतो. बूट दिले तर चावतात म्हणून काढून ठेवतो. त्याच्यावर वेळ घालवू नकोस.

मालनवहिनींना जयभीम.

तुझा
वाल्मीक


पिंपरी
२५ ऑक्टोबर १९७८

प्रिय वाल्मीक,

तुझं पत्र मालनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मास्तर पोराला इतकी नावं ठेवतायत म्हणजे जीव जडलाय. तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण तुझी पत्रं कशी वाचायची ते कळतं.

तुझा भोये मी आत्ताच उचलला असता. पण कॉलेजच्या पोरांची नावं पेपरवाले छापत नाहीत, आणि छापली तर भोयेचं भोईर करतात. ते गुण मग कोणाचे, यावर आपण पुढचं वर्ष भांडू. तेव्हा राहू दे तुझ्याकडे. मी मुंबईचा एक घेतो, नाव पाठीमागे लिहिलंय.

एक बातमी. मला कंपनीच्या क्रीडा समितीवर घेतलंय. आम्ही दोघंच, मी आणि पर्सोनेलचे अडसूळसाहेब. काम असं की आमच्या संघासाठी खेळाडू बघायचे. निवडला की त्याला कंपनीत नोकरी, एक वर्ष परीक्षेवर आणि मग कायम. नावाला कारकून नाहीतर गोदामात, खरं काम संध्याकाळी कोर्टवर. कॉलेजात आपल्याला कोणी असं विचारलं असतं तर आपण काय काय केलं असतं याचा विचार करत बसलो होतो. आता दुसऱ्यांना विचारायचं. अडसूळसाहेबांना खेळातलं फार कळत नाही, पण नियमाला पक्के. जरा जपून राहावं लागेल.

गोरक्ष


नाशिक रोड
६ एप्रिल १९७९

प्रिय गोरक्ष,

बाकरवडी पोचली. पुडा फोडून मग पत्र लिहायला बसलोय, म्हणजे शब्दांत विजयाचा कुरकुरीतपणा उतरेल.

मला जिंकवलं ते पिव्हटने नव्हे. त्याचा घोटा डिसेंबरातच मुरगळला. जिंकवलं तू मला सोडलेल्या भोयेने. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली आणि पेपरवाल्यांनी नावही बरोबर छापलं. आता वर्ष संपलंय, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मी इतकी वर्षं पोरं शिकवतोय, असा फॉरवर्ड मला मिळाला नव्हता.

उंचीचं सोड, उंच पोरं बघितलीत आपण. हा चेंडू नसताना खेळतो. बाकीची पोरं चेंडू दिसला की कोंबडीला दाणे टाकल्यासारखी तिकडे पळतात. हा मागच्या रेषेजवळून सावकाश सरकतो, आपला माणूस मान वळवेपर्यंत थांबतो, आणि मग फळ्याखाली एकटाच. फळ्यावरून उसळलेल्या रिबाउंडला त्याची दुसरी उडी पहिलीपेक्षा उंच जाते. एकदा चेंडू हुकला की आपण खाली येऊन पुन्हा जमवाजमव करायचो ना, याला ती लागतच नाही. डाव्या हाताचं खरं होतं. म्हणून मी त्याला महिनाभर वर्गातला फळा डाव्या हाताने पुसायला लावला. आता धावत येऊन डाव्याने ले-अप टाकतो आणि खडूचा खोकला आल्यासारखं करून मला चिडवतो.

उणं काय? पास द्यायला भितो, बरोबरचे चुकतील असं त्याला वाटतं. रागावलं की दोन दिवस बोलत नाही. पण दोन वर्षं नीट मिळाली तर तो राज्याच्या संघात दिसेल. हे मी जपून लिहितोय.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या पाड्यावर जाऊन आलो. जीपने निम्मी वाट, पुढे पायी. घरात तो आणि त्याची आई झुंबरबाई. भात-नागली वर्षभर पुरत नाही, म्हणून दिवाळीनंतर बाई पाड्यातल्या निम्म्या लोकांबरोबर द्राक्षांच्या बागांवर कामाला येते. तुला मी ज्या पेट्या पाठवतो त्या तिनेच भरलेल्या असतील कदाचित. हे मला आजवर सुचलं नव्हतं. तिने विचारलं, चेंडू टाकून पोटाला काय भेटतं सर? मी काहीतरी उत्तर दिलं, ते माझं मलाच पटलं नाही.

वाल्मीक


पिंपरी
९ ऑक्टोबर १९७९

प्रिय वाल्मीक,

यंदा पहिली पाळी माझी आणि मला विचारही करावा लागत नाही. मंगळू भोये.

आता तू काय लिहिणार ते मला ठाऊक आहे. त्याला क्षय झालाय, तो साधू होऊन निघून गेलाय, वगैरे. लिही, मालन वाट बघतेय.

दुसरं, आमच्या संघाचा जुना फॉरवर्ड यंदा थांबतोय. डिसेंबरात नव्याची चाचणी आहे. झुंबरबाईंना जे उत्तर तुला देता आलं नाही ते मी देऊ शकतो. चेंडू टाकून पगार भेटतो. भोयेला चाचणीचं पत्र पाठवू ना? तुझं उत्तर आलं की अडसूळसाहेबांपुढे ठेवतो.

गोरक्ष


नाशिक रोड
२६ ऑक्टोबर १९७९

प्रिय गोरक्ष,

भोयेला या वर्षी बोलावू नकोस.

ऑगस्टमध्ये मालेगावला सामना होता. सिमेंट ओलं होतं, त्याचा पाय सरकला आणि डावा गुडघा आत वळला. उठून खेळला, जिंकूनही दिलं. दुसऱ्या दिवशी गुडघा पपईएवढा. दहा-बारा दिवसांत सूज उतरली, पण जोराची उडी मारली की पुन्हा भरतो. जिना उतरताना कठडा धरतो आणि मी बघतोय असं दिसलं की सोडतो. इथल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेला. ते म्हणाले वर्षभर खेळ बंद, मांडीचे व्यायाम, मग बघू. खेळत राहिला तर आतलं जे काही अर्धं तुटलंय ते पुरतं तुटेल.

त्याला थांबायचं नाही. मी समजावलं तर म्हणाला, "सर, गुडघा नंतर बघू. नोकरी नंतर नाय भेटायची." मी त्याला कोर्टवर यायची बंदी केली, तर तो दुसऱ्या मैदानावर जाऊन खेळला.

तेव्हा पुढच्या वर्षी बोलाव. तोवर मी त्याला तयार करतो. तुझ्या संघातली जागा वर्षभर अडवून ठेवता आली तर बघ, नाहीतर दुसरा कोणी घे, पुढे काहीतरी निघेल. मनातल्या संघात तुला हवा असेल तर खुशाल घे, माझी काही हरकत नाही. मी माझा पहिला मुंबईचा तो डावखुरा घेतो.

वाल्मीक


पिंपरी
२० डिसेंबर १९७९

प्रिय वाल्मीक,

तू यंदा कमाल केलीस. डॉक्टरसुद्धा आणलास. डुलक्या काढतो, बूट चावतात, इथपर्यंत ठीक होतं, पण पपईएवढा गुडघा आणि जिन्याचा कठडा! आणि शेवटी 'माझी काही हरकत नाही', हा तर कळसच. तुझी हरकत नाही असं तू आजवर एकाही खेळाडूबद्दल लिहिलेलं नाहीस. म्हणजे पोरगा हातचा जाऊ नये म्हणून कोणत्या थराला गेला असशील ते कळलं. एका वर्षात त्याला राज्याच्या संघात नेऊन मग मिरवायचं होतं ना?

तुझं पत्र मी समितीत मोठ्याने वाचलं. अडसूळसाहेबांना आपल्या खेळाची सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, साहेब, हा माझा मित्र ज्याला लंगडा म्हणतो त्याला डोळे मिटून घ्यावा. साहेब पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले.

चाचणी परवा झाली. कसलेल्या माणसासारखा खेळला रे. मला वाटलं होतं तरणा पोरगा, उड्या मारून दाखवेल. छे. उगाच एक उडी नाही. चेंडू कुठे पडणार हे आधीच ओळखून तिथे जाऊन उभा. फळ्यावरून येणारा चेंडू इतरांच्या डोक्यावरून नुसते हात लांबवून काढायचा. धावणंसुद्धा मोजकं. या वयात एवढा जपून खेळणारा मी पाहिला नाही. समोरच्या टोकाला आमचा कप्तान होता, तो घामाघूम.

डॉक्टरांनी छाती, डोळे, वजन बघून सही केली. एक जानेवारीपासून तो कंपनीत रुजू होतोय, तारांच्या गोदामात. वर्षभर परीक्षेवर, पुढच्या जानेवारीत कायम. मनातल्या संघातही माझा, खऱ्या संघातही माझा. द्राक्षांची पेटी आत्ताच सांगून ठेव.

गोरक्ष


(कार्ड)

नाशिक रोड
२४ डिसेंबर १९७९

गोरक्ष,

मी खरं लिहिलं होतं. तो जपून खेळला नाही, गुडघा वाचवत होता.

पाड्यावर गूळ वाटून झाला आहे. झुंबरबाई यंदा बागांवर गेली नाही. आता त्याला परत बोलावणं माझ्याच्याने होणार नाही. निदान त्याला प्रत्येक सामन्यात पूर्ण वेळ खेळवू नका. उड्यांची कवायत देऊ नका.

वाल्मीक


पिंपरी
९ सप्टेंबर १९८०

प्रिय वाल्मीक,

तुझ्या कार्डानंतर मी तुला एकच पत्र पाठवलं, तेही द्राक्षं मिळाल्याचं. बोलायला तोंड नव्हतं. तू सांगितलंस तसं मी कप्तानाला सांगून त्याला अर्धा वेळ बसवायला लावायचो. पण अर्धा वेळ बसलेल्या भोयेमुळे आम्ही हरायला लागलो की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि तो स्वतः उठून उभा राहायचा.

ऑगस्टच्या शेवटी साताऱ्याला सामना होता. त्याने रिबाउंडला उडी घेतली, चेंडू हुकला, आणि तू लिहिली होतीस ना, ती दुसरी उडी, ती त्याने घेतली. खाली आला तेव्हा गुडघ्यातून आवाज आला. मी बाकावर होतो, मला ऐकू आला. तो ओरडला नाही. चेंडू धरून तसाच बसून राहिला. पंच चेंडू मागत होता, तो देईना.

शस्त्रक्रिया झाली. चालेल, खेळणार नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्याला त्यांनी सांगायच्या आधीच माहीत होतं. मला फार वाईट वाटतंय, वाल्मीक. तू जे जसं होतं तसं लिहिलंस आणि मी ते हसून वाचलं.

आता ऐक. कंपनीचा रिवाज असा की कंपनीकडून खेळताना जखमी झालेल्याला काढत नाहीत, बसून करायचं काम देतात आणि कायम करतात. पण दुखणं आधीचं असेल आणि लपवून नोकरी घेतली असेल तर परीक्षेचं वर्ष संपताच घरी. अडसूळसाहेब म्हणतात दुखणं आधीचं आहे. कशावरून? तुझं पत्र. मीच वाचून दाखवलं होतं, आणि त्यांच्या लक्षात सगळं आहे, पपईसकट.

एकच वाट दिसते. तू समितीला लिहून दे की ते पत्र खोटं होतं, खेळापायी लिहिलं होतं, भोयेच्या गुडघ्याला तेव्हा काही झालेलं नव्हतं. बाकी मी बघतो.

गोरक्ष


नाशिक रोड
१७ सप्टेंबर १९८०

गोरक्ष,

नाही.

इतक्या वर्षांत तुला एक पत्र सरळ लिहिलं, तेवढं तरी सरळ राहू दे. खोटं लिहायला मी कधी मागेपुढे पाहिलं नाही, पण ते आपल्या दोघांत होतं आणि त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. आता सही करून, तारीख घालून, एका साहेबाला खोटं लिहायचं म्हणतोस. मी शाळेत पोरांचे कान कोणत्या तोंडाने धरू?

आणि भोये हा माझा एकटा पोरगा नाही. पिंपळगावचा गोटीराम आता तयार झालाय, चांगला गार्ड आहे. दोन वर्षांत त्यालाही कुठेतरी लावायचंय. ज्या कंपनीत मी खोटारडा म्हणून सही करून देईन तिथे त्याची शिफारस कोण ऐकणार? एकाचं निस्तरायला दुसऱ्याचं दार बंद करायचं?

तू स्वतः साहेबांना सांग की चूक तुझी झाली. ते खरं आहे, आणि त्याला माझी सही लागत नाही.

वाल्मीक


नाशिक रोड
११ ऑक्टोबर १९८०

प्रिय गोरक्ष,

तू साहेबांना सांगितलंस हे मला भोयेकडून कळलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चूक तुमची, पण दुखणं तर जुनंच ना. नियमाला पक्के आहेत खरे.

भोये परवा संध्याकाळी कोर्टवर आला होता. कुबडी घेऊन, एस. टी. ने. आधी पोरांचा खेळ बघत बसला. गोटीरामने चेंडू त्याच्याकडे टाकला तर बसल्या बसल्या डाव्या हाताने बास्केटमध्ये घातला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथे थांबवेना.

पोरं गेल्यावर मी त्याला विचारलं, तू लपवलंस का? रागानेच विचारलं. तो म्हणाला, "मी लपवलं नाय सर. डॉक्टरनी छाती बघितली, डोळे बघितले. गुडघा कोणी इचारलाच नाय. तुम्हाला माहीत होतं, गोरक्षसाहेबांना तुम्ही लिहिलं होतं. मला वाटलं, सगळ्यांना माहीत हाय आणि तरी घेतला."

मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे आणि तरी घेतला. हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणजे त्याने कोणालाच फसवलं नाही. आपली पत्रं उलटी वाचायची असतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फसवायची सवय आपली, आणि वर्षअखेर घरी कोण जाणार तर तो.

मी त्याला हेही विचारलं की माझ्या एका खोट्या पत्राने नोकरी राहणार असेल तर मी लिहावं का. त्याने कुबडी आडवी करून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "आई कोणाला सांगत नाय, पण रोज एस. टी. च्या वेळेला वाटेकडे बघते, मला काढून पाठवलं की काय म्हणून." हे त्याचं उत्तर होतं की नव्हतं ते मला कळलं नाही. मी ते होकार म्हणून घेतलं.

सोबतचं पत्र समितीला दे. नुसतं देऊ नकोस, माझी जुनी सगळी पत्रं बरोबर दे, गेल्या डिसेंबरचं कार्ड आणि गेल्या महिन्यातला नकार तेवढा काढून. तुझ्याकडे गठ्ठा आहे हे मला माहीत आहे. एका पत्रावर साहेबांचा विश्वास बसणार नाही, पण गठ्ठ्यावर बसेल. तू मागे जे कबूल केलंस तेही माझ्या थापेला फसून, असं म्हण.

यंदा संघ निवडायला नकोत. मन नाही.

वाल्मीक

(सोबत)

मा. अध्यक्ष, क्रीडा समिती, यांस,

स. न. वि. वि. मी खाली सही करणार वाल्मीक सखाराम पगारे, शिक्षक, राहणार नाशिक रोड, लिहून देतो की दि. २६ ऑक्टोबर १९७९ च्या माझ्या पत्रात श्री. मंगळू भोये यांच्या डाव्या गुडघ्याविषयी जो मजकूर आहे तो सर्वस्वी खोटा होता. मालेगावचा सामना, सूज, डॉक्टर हे सर्व मी रचून लिहिले होते. आपले सभासद व मी यांच्यात खेळाडू निवडण्याचा एक खेळ चालतो. त्यात हवा असलेल्या खेळाडूची खोटी निंदा करण्याची मला जुनी खोड आहे. सोबतच्या पत्रांवरून आपली खात्री पटेल. माझ्या या खोडीमुळे एका निर्दोष खेळाडूवर दोष येत आहे, याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

आपला विश्वासू
वा. स. पगारे


पिंपरी
१२ जानेवारी १९८१

प्रिय वाल्मीक,

भोये कायम झाला. आदेश त्याच्या हातात पडला त्या दिवशी मी मुद्दाम गोदामात गेलो होतो. त्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा तारांची भेंडोळी मोजायला लागला. जेवणाच्या सुट्टीत बघितलं तर पोस्टात उभा होता.

अडसूळसाहेबांनी तुझा गठ्ठा घरी नेला होता. आठवडाभर ठेवला. नागपूरच्या पिव्हटला लागणारी रिक्षा त्यांना फार आवडली. ती माझी होती हे सांगायच्या मी भानगडीत पडलो नाही. गठ्ठा परत देताना म्हणाले, "हा गृहस्थ पक्का लबाड दिसतो. याच्या शब्दावर यापुढे एकही खेळाडू आपल्याकडे आणायचा नाही, लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. माझ्याच हाताने लिहावं लागलं. त्या ओळीखाली सही करताना मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटली, आणि तू मित्र आहेस याचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम.

भोयेने मला विचारलं, सरांनी साहेबांना काय लिहिलं? मी म्हटलं, तुझ्याबद्दल खोटं लिहिलं. तो म्हणाला, "पहिल्यांदाच?" मला हसू आलं, त्याला आलं नाही. मग मी त्याला आपल्या मनातल्या संघाची सगळी गोष्ट सांगितली. तू पहिल्या वर्षी काय लिहिलं होतंस तेही, डुलक्या आणि बुटासकट. ते सगळं त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं.

संध्याकाळी तो कंपनीच्या वसाहतीतल्या कोर्टवर जातो. फाऊलच्या रेषेवर उभा राहून एकट्यानेच चेंडू टाकत असतो. पाय हलत नाहीत, हात अजून तसाच आहे. कोणी बघायला लागलं की थांबतो.

गोरक्ष


नाशिक रोड
१० ऑक्टोबर १९८१

प्रिय गोरक्ष,

एक वर्ष गेलं, आता पुन्हा सुरू करू. मला करमत नाही, आणि खरं सांगायचं तर तुझ्या थापांचीही आठवण येते.

गोटीराम अजून इथेच आहे. त्याच्यासाठी दुसरीकडे लिहिलंय, दोन ठिकाणांहून उत्तर नाही. माझ्या शब्दाचं वजन कमी झालंय की काय कोण जाणे, अशा गोष्टी पत्रापेक्षा आधी पोचतात. त्याला मी सगळं सांगितलंय. तो म्हणाला, सर, मी भोयेदादाच्या जागी असतो तर? एवढं बोलून तो चेंडू घेऊन कोर्टवर गेला.

झुंबरबाई परवा शाळेत येऊन गेली. नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन आली होती. यंदाही ती बागांवर जाणार नाही. पोरगा दर महिन्याला मनिऑर्डर पाठवतो. तिने मला पुन्हा ते चेंडूचं विचारलं नाही.

गेल्या वेळी हरलो तो मी, म्हणून पहिली पाळी माझी. पण त्याआधी मंगळू भोयेबद्दल तुला सावध करतो, कारण तो तुझ्या डोळ्यांसमोर असतो आणि तुला मोह होईल. अगदी कामातून गेलेला खेळाडू आहे. उडी नाही, धावणं नाही, पेपरात त्याचं नाव यापुढे कधी छापून येणार नाही. कोणी बघत असलं की चेंडूही टाकत नाही. असा माणूस पाचात घेणं म्हणजे चौघांनी खेळणं. तू त्याच्या वाटेला मुळीच जाऊ नकोस.

माझा पहिला खेळाडू, मंगळू भोये.

वाल्मीक